व्यवहार्य असेल तितपत

मागच्या वर्षी एका शासकीय सल्लामसलतीची प्रश्नावली मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. पानं चार, मुदत दोन दिवस. (कविता असती तर मी दोन महिने मागितले असते. सरकारी मजकुराला दोन दिवस पुरतात असं सगळ्यांना वाटतं, तेव्हा मलाही वाटलं.) विषय होता स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या समावेशनाचा जिल्हा आराखडा. पहिला प्रश्न असा उतरला: 'सेवा-वितरण यंत्रणेतील उणिवा कोणत्या, असे हितसंबंधी घटक या नात्याने आपणांस वाटते?' मूळ इंग्रजीला मी इमानानं चिकटून राहिले होते. धाकट्या बहिणीला ते वाचून दाखवलं. ती बँकेत अधिकारी आहे, असली वाक्यं तिच्या रोजच्या पोळीभाजीसारखी. ती म्हणाली, "ताई, हे मला विचारतायत की माझ्या लेकाला?"

तिचा लेक 19 वर्षांचा आहे. तो बोलत नाही. फोनमधल्या चित्रांवर बोट ठेवून त्याला हवं ते सांगतो, आणि नको ते त्याहून स्पष्ट सांगतो. पुढे त्या आराखड्याची बैठक झाली, तेव्हा आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. सभागृहात एक ट्यूबलाइट लुकलुकत होती, ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारत होता, स्वागत आणि सत्कारातच पाऊण तास गेला. त्यानं कानांवर हात ठेवले, दाराकडे बोट दाखवलं, मग उठून निघून गेला. बहीण त्याच्यामागे धावली. नंतर हाती आलेल्या इतिवृत्तात उपस्थितांची संख्या होती, सूचना होत्या, आभारप्रदर्शन होतं. त्या दिवशी ज्याच्यासाठी आराखडा चालला होता अशा एका माणसानं सभागृहाबद्दल दिलेला अभिप्राय मात्र नव्हता. तो अभिप्राय अगदी नि:संदिग्ध होता.

कायद्यात काय म्हटलंय ते पाहिलं तर हा प्रकार आणखी विचित्र दिसतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं 2007 मध्ये स्वीकारला. त्याच्या चौथ्या कलमात अपंग व्यक्तींशी, अपंग मुलांशीसुद्धा, त्यांच्या संघटनांमार्फत निकटचा विचारविनिमय करणं हे राज्यसंस्थेचं कर्तव्य मानलं आहे. 2016 च्या आपल्या अधिनियमात 'संवाद' या शब्दाची व्याख्या अशी सढळ आहे की एखाद्या कवीला हेवा वाटावा: ब्रेल आहे, स्पर्श आहे, खुणांची भाषा आहे, मोठा ठसा आहे, साधी भाषा आहे, वाचून दाखवणारा माणूस आहे, पर्यायी साधनं आहेत. म्हणजे फोनमधलं चित्र हाही कायद्याच्या लेखी संवादच. मात्र याच कायद्यात राज्य सल्लागार मंडळावर संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी नेमायचे म्हटलंय आणि ते स्वतः अपंग असावेत म्हटलंय, तिथे एक छोटा शब्दप्रयोग आहे: व्यवहार्य असेल तितपत. भाषांतरकाराला अशा शब्दांची सवय असते. बाकीचं वाक्य काय देतं आणि हे तीन शब्द काय काढून घेतात, हे तिला पहिल्या वाचनात कळतं.

सल्लामसलत म्हणजे काय, याचा नमुना जुलै 2020 मध्ये दिसला. याच अधिनियमातल्या काही शिक्षेच्या तरतुदी सौम्य करण्याचा प्रस्ताव निघाला, कारण दिलं होतं उद्योगधंद्यांना पोषक वातावरणाचं. मोजक्या संस्थांना पत्रं गेली, उत्तराला जेमतेम दहा दिवस, तेही टाळेबंदीच्या वर्षात. देशभर ओरड झाली आणि त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घेतला गेला. पण 2014 मध्ये केंद्रानंच ठरवलेलं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढे असावा.

आणि लोकांपुढे म्हणजे कोणत्या भाषेत? त्याच 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्यानं इंग्रजी आणि हिंदीच बंधनकारक आहेत, ही सबब. जंगलाबद्दल जी भूमिका, तीच अपंगत्वाबद्दल असणार. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे: 22 भाषा झाल्या तरी 'हितसंबंधी घटक' या 23 व्या भाषेतून सुटका नाही.

आपण साहित्यवाले या बाबतीत निर्दोष नाही. 'दिव्यांग' हा शब्द आला तेव्हा आपण त्याच्यावर भरभरून लिहिलं, मीही लिहिलं. अपंगत्वावर देवत्वाचा मुलामा कशाला, हा आक्षेप मला आजही मान्य आहे. पण 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या हिंदी पाठात ऑटिझमसाठी 'स्वपरायणता' हा शब्द बसला आहे, त्याकडे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं? कर्तव्यपरायण, धर्मपरायण आणि स्वपरायण. म्हणजे स्वतःवाचून दुसरं आराध्य नसलेला. मराठीतला 'स्वमग्न' निदान सौम्य आहे, पण आत बुडालेला माणूस बाहेरच्याशी बोलू इच्छित नाही, हे गृहीत त्यातही आहेच. माझा भाचा आमच्याशी दिवसभर काही ना काही सांगत असतो. मग्न कोण आहे, हा प्रश्न मला त्या सभागृहात पडला होता.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो आयांचा आहे. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या वतीनं आईनं नाही बोलायचं तर कुणी? 'आमच्यानंतर याचं काय' ही काळजी घेऊन ती वीस वर्षं खेटे घालते आहे. 1995 च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच. 2011 च्या जनगणनेत 2.68 कोटी अपंग मोजले, पण या मुलांसाठी वेगळा रकाना नव्हता. जे मिळालं त्यातलं बरंचसं पालकांनी भांडून मिळवलं. त्यांना गप्प बसा म्हणणं कृतघ्नपणा होईल. पण माझ्या बहिणीला वसतिगृह हवं आहे, आणि भाच्याला, त्याची चित्रं जेवढं सांगतात त्यावरून, स्वतःची खोली, तीही याच गल्लीत. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. आराखड्यात एकच पोहोचते. 2016 चा कायदा पालकत्व मर्यादित आणि निर्णय संयुक्त असावा म्हणतो. मग सल्लामसलतीत आईची खुर्ची आणि मुलाची खुर्ची वेगळी का नसावी?

ती खुर्ची ठेवायला फार पैसा लागत नाही. प्रश्न आठवडाभर आधी चित्रांसह घरी पाठवावेत. बैठक लहान असावी, शेजारी एक शांत खोली असावी, सत्कार नसावेत. हवं तर कुणीतरी घरी येऊन विचारावं. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या प्रौढ स्वमग्न व्यक्तींना मंडळावर घ्यावं, कारण ध्वनिक्षेपकाची शिट्टी म्हणजे काय हे त्यांना पालकांपेक्षा नेमकं माहीत असतं. आणि कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली, का, हे सूचना देणाऱ्याला त्याच्या भाषेत कळवावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात सही लागते.

ती प्रश्नावली मी नंतर पैसे न मागता पुन्हा लिहिली. चारऐवजी दीड पान. पहिला प्रश्न: 'तुम्हाला रोज कुठे त्रास होतो?' दुसरा: 'कुठे बरं वाटतं?' प्रत्येकासमोर चित्रांची जागा सोडली आणि पाठवून दिली. कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं की भाषा फार सोपी झाली आहे, शासकीय वाटत नाही, तरी आधीचाच मजकूर वापरण्यात येईल. भाच्यानं माझ्या दीड पानाची उत्तरं दिली आहेत. दुसऱ्या प्रश्नाला त्यानं गच्चीचं चित्र दाखवलं, आणि मग बराच वेळ विचार करून पावसाचं. ते कागद बहिणीनं फायलीत लावून ठेवले आहेत.