होळी पाहून परतणाऱ्यांसाठी

मराठी साहित्यात यातना फार झाल्या, असं एका जाणत्या समीक्षकांनी नुकतंच जाहीरपणे सांगितलं. त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. दर आठ-दहा वर्षांनी कुणीतरी ते झटकून-पुसून पुन्हा मांडतंच. म्हणणं थोडक्यात असं: आत्मकथनं आली आणि वेदनेची चढाओढ लागली. ज्याची जखम मोठी, त्याचं पुस्तक मोठं. वेदनेला बाजार आहे, पुरस्कार आहेत. वाचक थकला आहे. करुण रस हवा, पण संयमाने हवा, काळाचं अंतर राखून हवा. आणि शेवटी आमच्या मुलखाकडे बोट: सातपुड्यातला आदिवासी बघा, एवढ्या अभावातही तो नाचतो, गातो, तो आनंद सोडून हे लोक रडगाणं का लिहितात?

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरचा. शेवटचा मुद्दा आमच्या अंगणातला आहे, म्हणून तोच आधी घेतो. बाकीचे नंतर.

काठी गावची होळी बघायला लोक लांबून येतात. यावंच. गुजरातच्या जंगलातून आणलेला उंच बांबू, पहाटे पेटणारी होळी, रात्रभर ढोल, कमरेला भोपळे बांधलेले बुध्ये, डोक्यावर मोरपिसांचे टोप. हे बघून ज्याचं मन हलत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण पाहुणे सकाळी गाडीत बसून परततात आणि लिहितात की हा समाज मुळातच आनंदी आहे. त्या बुध्याने आधी कितीतरी दिवस खाट सोडलेली असते, नवसाचे नेम पाळलेले असतात, हेही त्यांना ठाऊक नसतं. ते राहू द्या. त्यांना जे अजिबात दिसत नाही ते खापरच्या रस्त्यावर दिसतं.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आमच्या गावातून जातो आणि थोड्याच अंतरावर गुजरात लागतो. दिवाळीच्या आगेमागे या रस्त्याने ट्रक आणि पिकअप भरून माणसं दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळं एकाच गाडीत. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, तीही अशा वेळी, जेव्हा घरातली कणगी रिकामी असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. दोन माणसं, पण हिशेबात एकच. पडावावर धान्य खावटी म्हणून उधार मिळतं आणि ते मजुरीतून कापलं जातं. होळी येते ती हा हंगाम चालू असतानाच. तेव्हा टोळ्या सुट्टी घेऊन डोंगरात परततात, होळीचा भोंगऱ्या बाजार करतात, नाचतात. होळी विझली की बऱ्याच जणांना पुन्हा फडात जावं लागतं, कारण ऊस उभा असतो आणि उचल फिटलेली नसते.

समीक्षकांनी पाहिलेला आनंद हा असा, दोन फेऱ्यांच्या मधला. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच त्याच्या आजूबाजूचे सहा महिने कापून तो एकटाच पुस्तकात घालणं मला खोटेपणा वाटतो. ढोल वाजवणाऱ्या माणसाला कर्ज असू शकतं. कर्ज असलेला माणूस ढोल सुंदर वाजवू शकतो. हे दोन्ही ज्याला एका परिच्छेदात लिहिता येतं तो लेखक. आणि मला संताप येतो तो इथे: बाहेरून आलेल्याने मोरपिसांवर शंभरावा लेख लिहिला तर त्याला अतिरेक कुणी म्हणत नाही, फडात कोयता धरलेल्या पोराने पहिली कविता लिहिली की लगेच रडगाणं!

देवमोगऱ्याच्या जत्रेचंही तसंच. महाशिवरात्रीला आमच्याकडून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून लोक याहामोगी देवीला जातात, नवं धान्य टोपलीत घालून नेतात. ही धान्याची देवी आहे. भूक ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली त्यांनीच धान्याला आई म्हटलं. ती जत्रा भूक बाजूला काढून लिहून दाखवा.

आता ‘फार झालं’ याचा हिशेब. नर्मदा लवादाचा निवाडा 1979 चा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. 1993 च्या पावसाळ्यात त्यातल्या मणिबेलीत पाणी घरांत शिरलं. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण उंचीला, 138.68 मीटरला भरलं. म्हणजे निवाड्यापासून पुरी चाळीस वर्षं. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (1991) आहे आणि ती महत्त्वाची आहे. पण या 33 गावांपैकी एकात जन्मून, स्वतःचं घर बुडताना पाहून, त्यावर कुणी लिहिलेली कादंबरी मराठीच्या कपाटात कुठल्या खणात आहे? शहाद्याच्या आदिवासी चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 चा. त्यानंतर या जिल्ह्याच्या वाट्याला मराठी समीक्षेची किती पानं आली? जे पुरतं लिहिलंच गेलं नाही, त्याचा कंटाळा आला म्हणणारा वाचक नक्की काय वाचून थकला?

बाजाराचं म्हणाल, तर ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 मध्ये आलं तेव्हा दया पवारांवर त्यांच्या स्वतःच्या माणसांचाही रोष झाला. घरचं झाकलेलं उघड्यावर आणण्याची ती किंमत. नफ्यासाठी कुणी असा सौदा करत नाही. वाईट आत्मकथनं आहेत का? आहेत. प्रेमकविताही ढिगाने वाईट आहेत. तिथे कुणी प्रेमाला विश्रांती द्यायला सांगत नाही.

काळाचं अंतर ज्याला परवडतं त्याने राखावं.

रसाबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल. करुण रसातून आनंद कसा होतो, हा वाद मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रंगला. मग कला कलेसाठी की जीवनासाठी, यात आणखी एक पिढी गेली. दोन्ही वादांत प्रश्न विचारणारा खुर्चीत बसलेला प्रेक्षकच होता; त्याला काय वाटतं एवढ्याचीच मोजदाद झाली. रामायणातली क्रौंचवधाची कथा तर सगळ्यांना पाठ. शोकाचा श्लोक झाला, आणि तो पहिला श्लोक क्रौंच पक्षी मारणाऱ्या निषादाला दिलेला शाप होता. निषाद म्हणजे रानातला माणूस, शिकारीवर जगणारा. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही, हे कुणी विचारलं नाही. सातपुड्यातल्या माणसाने लिहायला घेतलं तर तो निषादाच्या बाजूने लिहिणार, आणि तिथे जुनं रसशास्त्र अडखळणार. अडखळू द्या. त्या भीतीने त्याला गप्प बसवू नका.

मग यातना लिहाव्यात कशा? माझ्यापुरतं उत्तर 1855 मध्येच मिळालं आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसं पुरली, असं ती लिहिते. कुणी, कुणाच्या राज्यात, हेही सांगते. धर्माला प्रश्न विचारते. आणि आपल्या लोकांना शिका म्हणते. दुःख तिने हिशेबासकट मांडलं. वाचणाऱ्याला हळहळून मोकळं होता येत नाही. आजच्या लेखकाकडून मला एवढंच हवं: उचल किती, व्याज किती, मुकादम कोण, नोटीस कुठल्या भाषेत आली आणि त्या रात्री घरात कोण कशावरून हसलं.

हे लिहू शकणारी मुलं आता आहेत. आश्रमशाळांतून, नर्मदेकाठच्या जीवनशाळांतून शिकलेली, घरात पावरी किंवा देहवाली बोलणारी. त्यांच्या वह्या भरत आहेत. त्या छापताना बोली ‘शुद्ध’ करू नका, प्रत्येक शब्दाला तळटीप जोडू नका. आणि ज्या समीक्षकांना यातनांचा वीट आला आहे त्यांनी त्यातली एक तरी वही वाचून, तिच्यावर नावानिशी दोन पानं लिहावीत. होळीला येतातच ते. या वेळी दिवाळीनंतरही यावं, ट्रक सुटतात तेव्हा.