तारखेला तिच्यासोबत कोण जाणार?



कापसाचा भाव पडला की आपण तहसीलवर जातो. वीज तोडली की सबस्टेशनवर जातो. एकटा गेला तर साहेब बाहेर बसवतो, पाचशे गेले तर खुर्ची देतो, हे आपण आंदोलनात शिकलो. मग या जिल्हा बैठकीपुढे एक सरळ प्रश्न ठेवतो. आपल्याच गावातल्या बाईवर, पोरीवर बलात्कार होतो, तेव्हा ती ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात एकटी का जाते?

"हा बायकांचा विषय, आपले काम भाव मागण्याचे," असे म्हणणारे बैठकीत निघतीलच. त्यांना १९७२ सालची आठवण करून देतो. २६ मार्चची रात्र, देसाईगंज; तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. आईबाप नसलेली, भावाजवळ राहून मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. वय फार तर सोळा. घरच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात बोलावले, बाकीच्यांना बाहेर काढले, दार लावले, आणि ठाण्यातल्याच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. बाहेर लोक जमले, ठाणे जाळू म्हणाले, तेव्हा कुठे फिर्याद लिहिली गेली. लोक जमले नसते तर तो कागदच झाला नसता.

पण गर्दी एका रात्रीची होती आणि खटला सहा वर्षांचा. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. १९७४ साली सेशन कोर्टाने दोघा पोलिसांना सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. कारण काय दिले? अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही. बंद ठाण्यात, वर्दीसमोर, एका अनाथ मजूर पोरीने आरडाओरड करायची होती! कोर्टाला तिची भीती दिसली नाही, तिची संमती दिसली.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० साली बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत असा गुन्हा झाला तर, संमती नव्हती असे बाईने कोर्टात सांगितल्यावर, कोर्टाने ते धरून चालायचे, असे ठरले. पीडित बाईचे नाव छापणे गुन्हा ठरले. म्हणून त्या मुलीचे नाव मीही इथे छापत नाही. देशभरच्या बायकांना तिच्यामुळे कायदा मिळाला. तिला स्वतःला काय मिळाले? त्या दोघांची सुटका कायम राहिली.

यातून मी एकच गोष्ट शिकतो. फिर्याद म्हणजे पेरणी. पेरून घरी बसले तर पीक येत नाही. निंदणी, कोळपणी, राखण ही सगळी कामे पुढेच असतात. बलात्काराचे खटले बुडतात ते याच मधल्या काळात. तारखेवर तारीख पडते, मजुरी बुडते, साक्षीदार फोडले जातात, आणि एके दिवशी चार प्रतिष्ठित घरी येऊन म्हणतात, "आता मिटवून टाका."

मिटवून टाका! कोणी दिला गावाला हा अधिकार? बांधाचे भांडण मिटते, वाटणीचे मिटते. बलात्कार हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे. अशा खटल्यात तडजोड चालणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१५ साली स्पष्ट सांगितले आहे. पैसे देऊन तोंड बंद करणे, त्याच माणसाशी लग्न लावणे, पोरीची शाळा सोडवून तिला घाईने उजवून टाकणे, हा न्याय नव्हे, दुसरा अत्याचार आहे.

कोणी म्हणेल, "खोटी केस असली तर?" ते ठरवायला कोर्ट आहे. सोबत जाणे म्हणजे निकाल देणे नव्हे. आरोपीजवळ वकील असतो, भाऊबंद असतात, पुढारी असतो. तिच्याजवळही कोणी असावे, एवढेच मागणे आहे.

सोबत जाणाऱ्याने काय करायचे तेही सांगतो. दवाखाना आधी. सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट द्यावेच लागतात. पोलिसांचा कागद नाही म्हणून नाकारता येत नाहीत. गर्भ राहू नये, एचआयव्ही लागू नये यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. अंगावरचे कपडे न धुता कागदात बांधून ठेवा. दोन बोटांची तपासणी कोणी करू लागला तर थांबवा. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी, असे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली म्हटले आहे. फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. लिहून न घेणारा पोलीस स्वतः तुरुंगात जाऊ शकतो. उशीर झाला म्हणून फिर्याद बाद होत नाही.

वेचणी आटोपली की कोरडवाहू भागातली कुटुंबे वसई, नायगाव, विरारकडे बांधकामावर जातात. तिथे काही घडले तर मुकादम म्हणणार, गावाला जा. आणि गावचा ठाणेदार म्हणणार, आमची हद्द नाही, नायगावला जा. त्याला सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातच लिहिले आहे की हद्द कोणतीही असो, फिर्याद घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने नोंदवा आणि नायगावला पाठवा. पाठवण्याचे काम पोलिसांचे, बाईचे नव्हे.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण खरी. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिच्यातून आर्थिक मदत मिळते. त्यासाठीही अर्ज कोणीतरी भरावा लागतो, खेटे कोणीतरी घालावे लागतात.

आणि माणूस म्हणून तिला उभे राहू द्या. तीच हकीकत दहा जणांपुढे सांगायला लावू नका. तिचा रोजगार तोडू नका. ती सज्ञान असेल तर फिर्याद करायची की नाही हे तिने ठरवायचे, भावाने किंवा संघटनेने नव्हे. अठराच्या आतली असेल तर मात्र खबर देणे कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे.

शेवटी आपल्या बांधावरची गोष्ट. कापूस वेचायला, ज्वारी कापायला ज्या बाया येतात, त्यांचे मालक कोण? आपणच. उद्या आरोपी आपल्यातलाच एखादा शेतकरी, कार्यकर्त्याचा पोरगा निघाला तर संघटना कोणाच्या बाजूला उभी राहील? या प्रश्नावर गप्प बसणाऱ्याने सरकारच्या अन्यायाबद्दल माइक हातात घेऊ नये.

२०१६ साली कोपर्डीनंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले. मेलेल्या लेकीसाठी लाखो निघतात. जिवंत लेकीच्या तारखेला पाच जण जात नाहीत.

म्हणून या बैठकीने ठराव करावा: प्रत्येक तालुक्यात पाच जणांची सोबत समिती, त्यांत किमान तीन बाया. निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला दोघे हजर. त्या दिवशीची तिची मजुरी आणि एसटीचे भाडे संघटनेच्या वर्गणीतून. आणि मिटवामिटवीला बसणाऱ्या कार्यकर्त्याचा बिल्ला त्याच दिवशी काढून घ्यावा.

नावे लिहून घ्यायला वही टेबलावर ठेवली आहे. टाळ्या नकोत, नावे द्या.