संगणकाशी गट्टी : पेन ड्राइव्ह लावला की संगणक पळतो?



तुमच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. शब्द वेगवेगळे, पण गाऱ्हाणं तेच. ‘आमच्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे. बटण दाबलं की आईच्या निम्म्या पोळ्या होतात तेव्हा कुठे तो उठतो. वर्गातला मित्र म्हणतो, एक पेन ड्राइव्ह लावून ठेव, मग बघ कसा पळतो ते. हे खरं का? बाबा नवीन घेऊन देणार नाहीत.’

तुमचा मित्र थापा मारत नाहीये, बरं का. पण त्याने कुठून तरी अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते. आज उरलेली अर्धी ऐका. त्या अर्ध्या गोष्टीपायी एका घरात काय झालं, तेही सांगतो.

आधी स्वयंपाकघरात जाऊ या. ओट्यावर काय असतं? आत्ता जे काम चाललंय तेवढंच. चिरलेला कांदा, परात, लाटणं. बाकीचं सामान डब्यांत, आणि डबे फडताळात किंवा माळ्यावर. संगणकातली रॅम म्हणजे हा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की काय होतं? एक वस्तू उचलून आत ठेवायची, तेव्हा दुसरीला जागा होते. आई सारखी ओटा-फडताळ, ओटा-फडताळ करत बसते आणि फोडणी करपते. रॅम कमी असलेला संगणक रडत चालतो तो याच कारणाने. त्याचं डोकं मंद नसतं, त्याच्या खेपा जास्त होतात.

आणि या खेपेला वेळ किती लागतो? पेन्सिल घ्या. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक बारीकसा हात पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. पुष्कळशा डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारतात. म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हाताखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, ते झाले ४ मिलिसेकंद. हात जागेवर सरकायला आणखी आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो! मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की प्रोग्रॅम उघडताना संगणकाला एक तुकडा लागत नाही. इथला एक, तिथला एक असे हजारो लागतात. विखुरलेले हजार तुकडे धरा आणि करा गुणाकार. बारा-तेरा सेकंद झाले ना? पेन ड्राइव्हमध्ये मात्र तबकडी नाही, हात नाही, सरकणं नाही. आत असते फ्लॅश मेमरी. चांगल्या पेन ड्राइव्हमधून असा बारीक तुकडा साधारण एका मिलिसेकंदात मिळतो. तेच हजार तुकडे एका सेकंदात!

(ही फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून हे नाव. पेन ड्राइव्ह दुकानांत आले ते २००० साली. तेव्हा त्यांत ८ मेगाबाइट मावायचे, म्हणजे साडेपाच फ्लॉपी. फ्लॉपी म्हणजे काय ते आईबाबांना विचारा.)

मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी नेमकी हीच गोष्ट हेरली. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, त्यात रेडीबूस्ट नावाची सोय होती. पेन ड्राइव्ह लावायचा आणि त्यातली जागा विंडोजला वापरायला द्यायची. तुमचे वारंवार लागणारे तुकडे कोणते हे विंडोज काही दिवस पाहून ठेवतं आणि त्यांच्या नकला पेन ड्राइव्हवर मांडून ठेवतं.

ओळखलंत का हे काय आहे ते? आईचा मिसळणाचा डबा! मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग थोडं थोडं हाताशी. सारखं लागतं ते त्यात. गव्हाचं पोतं काही मिसळणाच्या डब्यात कोंबत नाही कोणी, ते कोठीतच राहतं. रेडीबूस्टसुद्धा तसंच वागतं. मोठी फाइल सलग वाचायची असली तर ते काम हार्ड डिस्ककडेच जातं, कारण सलग वाचण्यात हार्ड डिस्क त्या काळच्या पेन ड्राइव्हच्या पुष्कळ पुढे होती. बारीकसारीक तुकडे तेवढे पेन ड्राइव्हमधून. आणि मिसळणाचा डबा हरवला म्हणून घरातली हळद संपत नाही, मूळ डबा फडताळात असतोच. तसाच हा पेन ड्राइव्ह मध्येच उपटला तरी रेडीबूस्टचं काही बिघडत नाही. तो उचलून नेणाऱ्या चोरालाही काही वाचता येत नाही, कारण सगळं गुप्त लिपीत, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवलेलं असतं.

कुठलाही पेन ड्राइव्ह चालत नसे. व्हिस्टा आधी त्याची परीक्षा घ्यायचं. ४ किलोबाइटचे तुकडे इथून तिथून वाचताना सेकंदाला निदान २.५ मेगाबाइट वेग हवा, रिकामी जागा कमीत कमी २५६ मेगाबाइट हवी आणि जास्तीत जास्त ४ गिगाबाइट वापरली जाणार. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ने ही मर्यादा वाढवली, एका वेळी आठ पेन ड्राइव्हसुद्धा चालू लागले. आठ लावलेला कॉम्प्युटर मी तरी कधी पाहिला नाही. साळिंदरासारखा दिसत असेल!

आता ती गोष्ट. साल २०१०. आमच्या खालच्या मजल्यावर आठवीतला एक मुलगा राहायचा. घरात व्हिस्टावाला संगणक आणि रॅम अवघी ५१२ मेगाबाइट. व्हिस्टाला तेवढी म्हणजे एका खाटेवर सहा माणसं. क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं, ‘पेन ड्राइव्ह लाव, रॉकेट होतं. फक्त ड्राइव्ह एकदम कोरा पाहिजे.’ याच्याकडे पेन ड्राइव्ह नव्हता, ताईकडे होता. ताई कॉलेजला गेली होती. याने तो लावला, उजवं बटण दाबलं, ‘फॉरमॅट’ निवडलं. ‘सगळी माहिती पुसली जाईल’ अशी सूचना आली असणारच. आपण सगळे सूचना जशी वाचतो तशीच त्यानेही वाचली.

त्या पेन ड्राइव्हवर त्यांच्या आजीचा आवाज होता. मे महिन्याच्या सुटीत ताईने गावी जाऊन आजीला जात्यावर बसवलं होतं आणि ओव्या रेकॉर्ड करून आणल्या होत्या. अकरा फायली. घरच्या कॉम्प्युटरवर जागा नाही म्हणून त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

यातली सर्वांत वाईट गोष्ट कोणती, ठाऊक आहे? फॉरमॅट करायची गरजच नव्हती! रेडीबूस्टला कोरा ड्राइव्ह लागत नाही. आधीच्या फायली तशाच ठेवून ते उरलेली जागा वापरतं. उजव्या बटणाच्या त्याच यादीत खाली ‘प्रॉपर्टीज’ असतं, त्यात रेडीबूस्टचं पान. तिथे एक खूण करायची, की झालं काम.

चार दिवसांनी ताईला कळलं. घरात काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. रात्री दोघं माझ्या दारात उभी, मुलाचे डोळे सुजलेले. साधं, झटपट फॉरमॅट केलं की माहिती लगेच नाहीशी होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं, आतली पानं तिथेच असतात. त्यावर नवीन काही लिहिलं नसलं तर खास प्रोग्रॅम वापरून पुष्कळ काही परत मिळतं. मी विचारलं, ‘त्यानंतर ड्राइव्हवर काही लिहिलंस का?’ तो म्हणाला, ‘नाही काका, मी काहीच नाही टाकलं.’ बरोबर होतं त्याचं. त्याने काही टाकलं नव्हतं. पण रेडीबूस्टने आपली भलीमोठी फाइल त्याच जागेवर मांडली होती आणि चार दिवस ते इमानेइतबारे तिच्यात लिहीत होतं. अकरा ओव्यांच्या फायलींपैकी दोन सापडल्या. त्यातली एक मध्येच तुटलेली.

दिवाळीत ती मुलं पुन्हा गावी गेली. आजी म्हणाली, ‘हात्तिच्या, एवढंच ना? परत म्हणते की.’ म्हटल्या तिने. पण मे महिन्यातल्या काही तिला आठवेनात आणि काही निराळ्याच आठवल्या. या वेळी ताईने तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. एक माझ्याकडे आहे अजून.

आणि संगणक पळाला का? थोडा, हो. पहिल्या दिवशी फरक काहीच नाही, तीन-चार दिवसांनी प्रोग्रॅम जरा लवकर उघडू लागले. पण याहून पक्का आकडा देतो. व्हिस्टा आलं तेव्हा आनंदटेक नावाच्या, संगणकाचे भाग तपासून पाहणाऱ्या नियतकालिकाने चाचणी घेतली होती. ५१२ मेगाबाइट रॅमच्या मशीनवर एका कामाला ११.७ सेकंद लागत. रेडीबूस्ट लावल्यावर तेच काम २ सेकंदांत झालं. टाळ्या! पण पुढचं ऐका. रेडीबूस्ट काढून रॅमच ५१२ ची १ गिगाबाइट केली, तर ०.८ सेकंद. मिसळणाचा डबा छान, पण ओटाच मोठा झाला तर? शेवटी त्या मुलाच्या बाबांनी रॅमची एक पट्टी बसवून दिली आणि ताईचा पेन ड्राइव्ह ताईला परत मिळाला.

आता तुमच्या घरचा संगणक. आधी हे बघा, की आत तबकडीवाली हार्ड डिस्क आहे की एसएसडी. एसएसडी म्हणजे थोडक्यात पेन ड्राइव्हचाच मोठा, फार तरबेज भाऊ. तिच्यातही फ्लॅश मेमरीच असते. ती असेल तर रेडीबूस्टचा उपयोग शून्य. विंडोजच सांगतं, की हा संगणक पुरेसा वेगवान आहे, याने आणखी फायदा होण्यासारखा नाही. मग नुसता पेन ड्राइव्ह खोचून ठेवण्यात काय हशील?

तबकडीवाली डिस्क असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरी किती भरली आहे ते पाहा, म्हणजे ओट्यावर जागा उरली आहे का ते कळेल. कायम काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम वाढवा. पण पट्टी घेताना जुनी पट्टी दुकानात बरोबर न्या. डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते. मेमरी मोकळी आहे आणि तरी रखडतोय? मग हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यासारखा दुसरा उपाय नाही. दहा-बारा वर्षांच्या मशीनलाही त्याने तरतरी येते. यातलं खोका उघडायचं काम मोठ्या माणसांसोबत, आणि प्लग काढून.

आणि बिनपैशाचा उपाय? विंडोज १० असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. संगणक उठताना कोण कोण आगंतुक आपोआप उठतात त्यांची यादी तिथे मिळते. ओळखीचे आणि बिनकामाचे असतील ते बंद करा. अनोळखी नावाला हात लावू नका, आधी विचारा.

पालकांसाठी दोन ओळी : व्हिस्टाच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१७ मध्ये थांबल्या, विंडोज ७ च्या २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. गाणी ऐकायला, निबंध टाइप करायला ते अजून चालेल. खर्च करायचा तो हे पाहून करा.

तेव्हा या रविवारी एक करा. घड्याळ घेऊन बसा. बटण दाबल्यापासून संगणक कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो तो मोजा, वहीत लिहा. स्टार्टअपमधले आगंतुक कमी करून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मला पत्राने कळवा, सोबत रॅम किती आणि डिस्क कुठली तेही. आणि हो, घरातला एखादा पेन ड्राइव्ह हाताशी आला तर त्यावर काय आहे ते आधी उघडून बघा, आणि ताईलाही विचारा.

तुमचा,
संगणककाका