धावायला आवडतं, हे मान्य, पुढे?

घोड्यांच्या शर्यती असोत की अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेज शर्यती, समर्थकांचा हुकमी एक्का एकच: ‘त्यांना धावायला आवडतं.’ आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या वादातही बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर बराच खल झाला. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बैलाची शरीरठेवण घोड्यासारखी नाही असं म्हटलं. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. या सगळ्यात घोडा मात्र अलगद सुटला. तो तर धावण्यासाठीच जन्मलेला, त्याचं काय विचारायचं?

एक्का खोटा नाही, हे आधीच सांगतो. स्लेजला जुंपलेली कुत्री सुटण्याआधी किंचाळतात, जागच्या जागी उड्या मारतात, दोरीला हिसके देतात. बर्फात लोखंडी आकडा रोवून गाडी अडवून धरावी लागते. आकडा निघाला की गोंगाट एकदम थांबतो आणि सगळी धावत सुटतात. ही ओढ शिकवून येत नाही. प्राणिप्रेमी मंडळी ती नाकारत बसतात आणि तिथेच वाद हरतात.

पण धावायला आवडणं वेगळं आणि थांबायची सोय नसणं वेगळं. अलास्कातली आयडिटारॉड शर्यत अँकरेजपासून नोमपर्यंत, साधारण १६०० किलोमीटरची. सुटतानाचा उत्साह हा आठव्या दिवसाचा पुरावा कसा होईल? एकाच दोरीला जुंपलेल्या डझनभर कुत्र्यांतल्या एकाला थांबावंसं वाटलं, तर बाकीची अकरा त्याला ओढून नेतात. चालकाच्या वेळेवर लक्षात आलं तर त्याला गाडीत घालून पुढच्या तळावर उतरवतात. सक्तीची विश्रांती आहे, तळांवर पशुवैद्य आहेत, पंजांना मोजे आहेत. तरीही २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री मेली.

घोड्याच्या बाबतीत तर या आवडीचं पितळ चाबूकच उघडं पाडतो. तो मुख्यतः चालतो शेवटच्या टप्प्यात. म्हणजे घोडा दमल्यावर, त्याचं अंग ‘आता पुरे’ म्हणत असतं तेव्हा. हौसेने पळणाऱ्याला फटके कशाला? जॉकी सांगतात, दिशा देण्यासाठी, सुरक्षिततेसाठी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चाबूकवाल्या आणि बिनचाबकाच्या शर्यतींचे अहवाल शेजारी ठेवून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: घोडा भरकटण्यात, सुरक्षिततेत किंवा वेळेत म्हणण्यासारखा फरक नाही. नॉर्वेने १९८२ मध्येच घोडा पिटाळण्यासाठी चाबूक वापरायला बंदी आणली. तिथल्या शर्यती अजून चालू आहेत.

दुसरा बचाव ‘अपघात कुठे होत नाहीत?’ हा. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर २०१९ च्या हंगामात ३० घोडे दगावले, तेव्हाही हेच ऐकू आलं. पण शवविच्छेदनं वेगळं सांगतात. मोडलेल्या हाडात बहुधा आधीचीच बारीक इजा सापडते. सुमारे ५०० किलोचा जीव ताशी ६० किलोमीटरने धावताना सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो, आणि गुडघ्याखाली स्नायू नसतातच, फक्त हाड आणि कंडरा. वेदनाशामक टोचून दुखरा घोडा उतरवला की ती इजा कुणाला कळत नाही, घोड्यालाही नाही. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. नव्या राष्ट्रीय नियमांखालच्या मैदानांवर २०२४ मध्ये हे प्रमाण ०.९० पर्यंत उतरलं. औषधांवर करडी नजर आणि शर्यतीआधीची तपासणी हे त्या नियमांचा गाभा आहेत. निव्वळ दैवाने होणारे अपघात नियम बदलून निम्म्यावर कसे आले असते?

तिसरा बचाव सर्वांत ऐटदार: ‘आमचे घोडे माणसांपेक्षा थाटात राहतात.’ राहतात, जिंकतात तोवर. फर्डिनांड हा १९८६ च्या केंटकी डर्बीचा विजेता. पुढे पैदाशीसाठी तो जपानला विकला गेला आणि २००२ च्या सुमारास, बहुधा कत्तलखान्यात, संपला. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर कधीच न जिंकलेल्यांची चौकशी कोण करणार? कॅनडातल्या व्हिस्लरला २०१० मध्ये, हिवाळी ऑलिम्पिक उरकल्यावर, एका पर्यटन व्यवसायातली स्लेजची कुत्री मोठ्या संख्येने मारून पुरण्यात आली. उघडकीला आलं ते मारणाऱ्या कामगारानेच मानसिक आघाताची भरपाई मागितली म्हणून. नंतरच्या तपासात ५६ कुत्र्यांचे अवशेष उकरून काढले गेले. ती कुत्री शर्यतीतली नव्हती, हे खरं. पण गरज सरली की जनावराचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

माझा आग्रह सरसकट बंदीचा नाही. धावण्याची ओढ खरी आहे, आणि जनावराची नस ओळखणाऱ्या मोतद्दाराचं कसबही खरं आहे. माझं मागणं आहे ते हिशेबाचं. पिटाळण्यासाठी चाबूक नको. सरावातले मृत्यू धरून प्रत्येक मैदानाचे आकडे जाहीर व्हावेत. आणि शिंगरू नोंदवतानाच त्याच्या म्हातारपणाची रक्कम वेगळी काढून ठेवावी, तीही मालकाच्या मर्जीवर न सोडता पैजांच्या उलाढालीतून. महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानांनाही हेच लागू. तिथल्या पैजांवर सरकार कर घेतं, तेव्हा निवृत्त घोडा कुठे गेला हे विचारणं सरकारचंही काम आहे.

यावर आक्षेप येईल की खर्च वाढेल आणि पैदास घटेल. घटू दे. शेवटपर्यंत पोसता येतील तेवढीच जनावरं जन्माला घालायची म्हटलं, तर शर्यतीचे दिवस कमी होतील, बक्षिसांच्या रकमा उतरतील आणि काही मालक हा नाद सोडतील. जे उरतील त्यांनी खुशाल शर्यती लावाव्यात.