आंघोळीचं पाणी, बादली आणि इलेक्ट्रिक शॉवर



विषय आंघोळीचा आहे, त्यामुळे सुरुवातीला हसलात तरी चालेल. पण वाचा जरूर, कारण यात माझ्या वडिलांचा पाय भाजला आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून मेलबर्नला आले. पहिले दोन दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "बादली कुठाय?" शॉवर त्यांना मान्यच नाही. "पावसात उभं राहिल्यासारखं वाटतं, आंघोळ केल्यासारखं वाटत नाही." आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आई-वडील येऊन गेलेत त्यांना पुढची अडचण माहीतच असेल. इथल्या शॉवरच्या काचेच्या खोक्यात खाली नळ नसतो. वॉश बेसिनखाली बादली मावत नाही. मग काय करायचं? बंनिंग्जमधून बादली आणि मग आणला आणि लाँड्रीतल्या नळावर बादली भरून चार पावलांवरच्या बाथरूममध्ये नेऊन द्यायची, असा रिवाज सुरू झाला. रोज मी किंवा बायको विसण घालून बादली ठेवत असू.

त्यात आणखी एक सोय झाली. बाथरूमचं पाणी बाबांना कोमट वाटायचं, लाँड्रीचं मात्र चांगलं कडकडीत. बाबा खूष. असं का, हा प्रश्न मला पडला नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असून पडला नाही, हे इथे कबूल करतो.

एके दिवशी मी लवकरच्या ट्रेनने ऑफिसला गेलो होतो, बायको मुलाला शाळेत सोडायला गेली होती. बाबांनी स्वतः बादली भरली. नुसत्या गरम नळाची. विसण बाथरूममध्ये घालू असं त्यांच्या मनात, आणि तिथे तर नळच नाही. पहिला मग सवयीने पायावर ओतला. बाबांना वीस वर्षं डायबेटिस आहे, पावलांची संवेदना कमी झालेली. त्यांना काही विशेष जाणवलं नाही, म्हणून दुसराही मग ओतला. मग खाली बघितलं.

आईने बॅगेतून बर्नॉल काढलं. तोवर बायको पोचली आणि दवाखान्यात फोन केला. तिथल्या नर्सने सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा: नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, मग डॉक्टर. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, कसलंही मलम नाही. त्यानंतर तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. डायबेटिक माणसाच्या पावलावरची जखम म्हणजे काय, हे त्या तीन आठवड्यांत रोज रात्री आम्हाला कळत होतं. बाबा मात्र नातवाला सांगत होते, "अरे काही नाही, जरा चटका बसला."

असो. मूळ मुद्दा पुढे आहे.

हे कळल्यावर आपल्या मंडळींचे सल्ले सुरू झाले. लेस्टरच्या चुलतभावाने फोनवर निकाल दिला, "इलेक्ट्रिक शॉवर बसव. आमच्याकडे साडेनऊ किलोवॅटचा आहे. दोरी ओढली की गरम पाणी, तापमान बटणावर, टाकीची भानगडच नाही." इथल्या एका मित्राने त्याहून सोपा उपाय सांगितला: पुण्याहून येताना तीन लिटरचा इन्स्टंट गीझर बॅगेत घालून आण, भिंतीला लाव, खाली बादली. "मी आणलाय, दोन वर्षं चाललाय." खोटं कशाला बोलू, मी दोन्हींचा विचार केला. चारचौघांसारखं मलाही वाटलं की बाबांच्या बाथरूमपुरतं काहीतरी वेगळं करून टाकावं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. एक लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, हे शाळेतलं गणित. हिवाळ्यात इथल्या नळाचं पाणी १० अंशांच्या आसपास आणि आंघोळीला हवं ४०. म्हणजे ३० अंशांची वाढ. साडेनऊ किलोवॅटचा शॉवर त्या हिशोबाने मिनिटाला साडेचार लिटर पाणी देतो. इथला तीन-स्टार शॉवर हेड मिनिटाला साडेसात ते नऊ लिटर देतो. म्हणजे निम्मी धार. पुण्याचा तीन किलोवॅटचा गीझर? मिनिटाला दीड लिटरसुद्धा नाही. पंधरा लिटरच्या बादलीला दहा मिनिटं! तोच गीझर मुंबईत, जिथे नळाचं पाणीच २५ अंशांचं असतं, झकास चालतो. दोष गीझरचा नाही, मेलबर्नच्या जुलैचा आहे.

शिवाय साडेनऊ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ४१ अँपिअर. आपला साधा पॉवर पॉइंट १० अँपिअरचा. म्हणजे स्विचबोर्डापासून स्वतंत्र जाड वायर. इंग्लंडात हे शॉवर रुजले कारण तिथल्या जुन्या घरांत माळ्यावरच्या टाकीचं पाणी दाबाशिवाय येतं, आणि इलेक्ट्रिक शॉवर थेट मेनच्या गार पाण्यावर चालतो. आपल्याकडे गरम पाणीही मेनच्याच दाबाने येतं. जी अडचण आपल्याला नाही, तिच्यावरचा तो इलाज आहे.

आणि तो बॅगेतला गीझर? मित्राचा राग पत्करून लिहितो: काढून टाक बाबा. ऑस्ट्रेलियात घरातलं फिक्स्ड वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं, आणि पाण्याच्या लाइनवर बसणाऱ्या वस्तूला वॉटरमार्क लागतो. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. विम्याचं सोडा, ओल्या भिंतीवर घरगुती वायरिंग आणि खाली उघड्या अंगाने उभे असलेले आपले वडील, हे चित्र तरी डोळ्यांसमोर आण.

आता लाँड्रीचं पाणी जास्त गरम का, ते सांगतो. कारण मला वाटतं आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांतले काहीजण माहीत असून उलटं करतात. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, कारण कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुफ्फुसात जातात. पण ६० अंशांचं पाणी सेकंदाभरात भाजतं. ५० अंशांच्या पाण्याला तेवढंच भाजायला पाच मिनिटं लागतात. म्हणून बाथरूमच्या लाइनवर टेंपरिंग व्हॉल्व्ह बसवतात, जो गरम पाण्यात गार मिसळून ते ५० च्या वर जाऊ देत नाही. थोडक्यात, विसण घालणारा व्हॉल्व्ह. पण हा नियम आंघोळीच्या आणि तोंड धुण्याच्या ठिकाणांपुरता आहे. स्वयंपाकघर आणि लाँड्रीला तो लागू नाही. तिथे टाकीतलं पाणी तसंच येऊ शकतं. नियम करणाऱ्याच्या डोक्यात लाँड्री म्हणजे कपडे. तिथून कोणी आंघोळीची बादली भरेल हे त्याला कसं सुचणार? ते आपल्यालाच सुचायला हवं होतं.

आणि आपण काय करतो? एका ओळखीच्या घरी "पाणी कडक येत नाही" म्हणून हा व्हॉल्व्हच बायपास करून घेतलेला मी पाहिला आहे. तिथे दोन वर्षांचं मूल आहे. दुसरीकडे बिल वाचवायला टाकीचा थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवलेला. दोन्ही घरं शिकलेल्यांची, दोघेही ऑफिसात सेफ्टीचे ट्रेनिंग घेतलेले. माझं स्पष्ट मत आहे की या दोन गोष्टी करणं हा हुशारीचा नव्हे, बेजबाबदारपणाचा नमुना आहे. पाणी गार वाटत असेल तर व्हॉल्व्ह तपासून घ्या, तोही जुना होतो. पण काढू नका.

म्हणजे अपग्रेड करायचंच असेल तर ते शॉवरचं नाही, मागच्या अंगणातल्या टाकीचं करा. आणि ती फुटायच्या आधी करा. आमची टाकी २५० लिटरची, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारी, लेबल पाहिलं तर २००९ सालची! अशा टाक्या साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतात. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः गंजून टाकीला वाचवते. ती पाचेक वर्षांनी बदलायची असते. आमची कधीच बदलली नव्हती. तुम्ही तुमची बदललीत का? मला वाटलंच.

टाकी फुटते ती नेहमी थंडीतल्या सोमवारी सकाळी. त्या दिवशी प्लंबरच्या व्हॅनमध्ये जी असेल ती घ्यावी लागते, म्हणजे बहुधा पहिल्यासारखीच. पुढची पंधरा वर्षं पुन्हा तेच बिल. २५० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे १३ युनिट लागतात. हीट पंप तेच काम चारेक युनिटमध्ये करतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. उलटा फ्रीजच तो. छपरावर सोलर असेल तर टायमर लावून दुपारी तापवायचा. सकाळी सात वाजता इलेक्ट्रिक शॉवर चालवणाऱ्याला छपरावरच्या पॅनेलचा काडीचा उपयोग नाही. सवलतीही आहेत: केंद्र सरकारच्या योजनेतली एसटीसी प्रमाणपत्रं किमतीतून परस्पर वजा होतात, आणि व्हिक्टोरियात राज्याची वेगळी सवलत. पण त्यासाठी मान्य यादीतलं मॉडेल लागतं, कागदपत्रं लागतात, म्हणजेच वेळ लागतो. व्हिक्टोरियातल्या गॅसवाल्यांसाठी तर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलंय की १ मार्च २०२७ पासून निकामी झालेल्या गॅस गीझरच्या जागी कार्यक्षम इलेक्ट्रिक सिस्टिमच बसवावी लागेल. दुरुस्ती करता येईल, पण गॅसच्या जागी नवा गॅस नाही. तेव्हा त्यांनी तर आत्ताच बघून ठेवावं.

हीट पंपाचे तोटेही सांगतो, नाहीतर मी एजंट वाटेन. तो आवाज करतो. आमचा प्लंबर तो पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीखाली बसवत होता, मी आग्रहाने दुसऱ्या भिंतीला हलवायला लावला. तरी बाबांनी पहिल्या दिवशी विचारलंच, "बाहेर फ्रीज कोणी ठेवला?" टाकी रिकामी झाली की पुन्हा तापायला चार-पाच तास जातात. दिवाळीला आठ पाहुणे आणि आठ अभ्यंगस्नानं असतील तर नंबर लावायची आधीच आखणी करा, किंवा मोठी टाकी घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यातलं काहीच करता येणार नाही, पण एजंटला ई-मेल करून टाकीचं वय विचारायला पैसे पडत नाहीत.

बाबांच्या आंघोळीचं काय केलं ते राहिलंच. हीट पंप बसवताना प्लंबरला सांगितलं, शॉवरच्या खोक्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक साधा तोटीचा नळ काढून दे, टेंपरिंग व्हॉल्व्हच्या पुढच्या लाइनवर. त्याला आधी कळेचना. "पाय धुवायला?" म्हणाला. मी बादली आणून दाखवली. मग त्याला इतकी गंमत वाटली की त्याने तिचा फोटो काढला. सोबत पट्टीवर वरखाली होणारा हातातला शॉवर, भिंतीला धरायला दांडा, आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. नवीन घर बांधणाऱ्यांनी हा नळ नकाशातच टाकून घ्यावा, टाइल्स लागल्यावर फोडाफोड महाग पडते.

नव्या टाकीत खालून गार पाणी शिरतं आणि वरून गरम बाहेर ढकललं जातं, हे मी बाबांना समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "यात नवीन काय? आपला तांब्याचा बंब असाच होता. वरून एक बादली गार ओतली की तोटीतून एक बादली गरम." हे मला कसं आठवलं नाही कोण जाणे. घंगाळात विसण घालून, हाताच्या मागच्या बाजूने पाणी बघितल्याशिवाय आजी आम्हाला बंबाजवळ फिरकूही देत नसे.

बाबा परत गेले. पाय बरा आहे, फक्त एक गुलाबी डाग राहिलाय. या डिसेंबरात पुन्हा यायचं म्हणताहेत. फोनवर अजून तक्रार आहे की तुमच्याकडचं पाणी कडकडीत नसतं, त्या व्हॉल्व्हचं बघ काहीतरी. मी "हो, बघतो" म्हणतो. बघणार नाहीये.