तारण ठेवलेला देश: रशियातील ऑलिगार्क कसे घडले?

१/ ३१ ऑगस्ट १९९५ रोजी रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी ८८९ क्रमांकाच्या हुकूमनाम्यावर स्वाक्षरी केली. पुढच्या चार महिन्यांत रशियाच्या निकेल आणि तेल उद्योगातील काही अत्यंत मौल्यवान कंपन्यांचे समभाग मूठभर बँकांकडे तारण पडले आणि कालांतराने त्यांच्याच मालकीचे झाले. ‘समभागांच्या बदल्यात कर्ज’ असे या योजनेचे सोज्ज्वळ नाव होते. त्याविषयीचा हा दीर्घ धागा.

२/ ऑलिगार्कांची कथा बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या कथेत काही धूर्त माणसे दुबळ्या राज्याला लुटतात. दुसऱ्या कथेत पुतिन येतात आणि त्या लुटारूंना वठणीवर आणतात. एकीत राज्य बिचारे ठरते, दुसरीत तारणहार. माझ्या मते दोन्ही कथा अपुऱ्या आहेत. घटनाक्रम नीट तपासला तर राज्य या व्यवहारात पहिल्या दिवसापासून भागीदार असल्याचे दिसते.

३/ आधी शब्दाविषयी. ग्रीक भाषेत ‘ओलिगोस’ म्हणजे थोडे आणि ‘आर्खे’ म्हणजे सत्ता. मात्र ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये स्पष्ट केले आहे की ऑलिगार्कीचे खरे लक्षण संख्या नसून संपत्ती होय, श्रीमंत सर्वत्र थोडेच असतात, हा केवळ योगायोग. म्हणजे नुसता धनाढ्य माणूस ऑलिगार्क ठरत नाही. ज्याची संपत्ती सत्तेतून येते आणि जो त्या संपत्तीच्या बळावर सत्ता वाकवतो, तो ऑलिगार्क.

४/ या वर्गाची मुळे सोव्हिएत काळातच सापडतात. सोव्हिएत कारखान्यांकडे दोन प्रकारचा पैसा असे: वेतनासाठी रोकड आणि एरवीच्या व्यवहारांसाठी केवळ खातेवहीतील आकडे. १९८७ नंतर ‘कोम्सोमोल’ या युवक संघटनेच्या तंत्रज्ञान केंद्रांना त्या आकड्यांचे रोकडीत रूपांतर करण्याची मुभा मिळाली. मिखाईल खोदोर्कोव्स्की याच वाटेने पुढे आले. त्यांच्या ‘मेनातेप’ बँकेचा उगम तिथला. पहिले भांडवल बाजारातून आले नव्हते, परवानगीतून आले होते.

५/ २ जानेवारी १९९२ रोजी येगोर गायदार यांच्या धोरणानुसार बहुतेक वस्तूंच्या किमती नियंत्रणमुक्त झाल्या. त्या वर्षी महागाई सुमारे २,५०० टक्क्यांनी वाढली. निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी काही महिन्यांत कवडीमोल झाली. तेलाची देशांतर्गत किंमत मात्र नियंत्रितच राहिली आणि ती जागतिक भावाच्या मानाने अगदी क्षुल्लक होती. ज्याच्याकडे निर्यातीचा परवाना, त्याच्याकडे सोन्याची खाण, असे हे गणित होते. सामान्यांची बचत बुडाली त्याच वर्षी परवानाधारकांची संपत्ती उभी राहिली.

६/ ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबल दर्शनी मूल्याचे एक व्हाउचर देण्यास सुरुवात झाली. सरकारी कारखान्यांत जनतेला वाटा मिळावा, हा हेतू. खासगीकरणाचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनी या व्हाउचरची किंमत पुढे दोन ‘व्होल्गा’ मोटारींइतकी होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात लाखो लोकांनी ते किरकोळ पैशांत विकले किंवा पुढे बुडालेल्या निधींच्या हवाली केले. ‘प्रिवातिझात्सिया’ या शब्दाचे लोकांनी ‘प्रिख्वातिझात्सिया’ केले. रशियन भाषेत ‘ख्वातात’ म्हणजे झडप घालून पकडणे!

७/ तरीही तेल आणि धातूंच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत सरकारचा मोठा हिस्सा उरला होता. १९९५ पर्यंत तिजोरी रिकामी झाली होती. करवसुली होत नव्हती, चेचन्यात युद्ध सुरू होते, शिक्षक व खाणकामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. अशा वेळी मार्च १९९५ मध्ये ओनेक्सिम बँकेचे व्लादिमीर पोतानिन यांनी मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव मांडला: बँका सरकारला कर्ज देतील, सरकारने मोठ्या कंपन्यांचे समभाग तारण ठेवावेत.

८/ वरवर पाहता हा सावकारीचा साधा व्यवहार होता. जी बँक अधिक कर्ज देऊ करील तिच्याकडे समभाग गहाण; सरकारने मुदतीत फेड केली नाही तर बँकेला ते विकण्याचा अधिकार. मेख अशी की सरकार फेड करणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. गहाणखताच्या नावाखाली हे विक्रीखत होते. आपल्याकडे सावकाराच्या वहीवर अंगठा देणाऱ्या शेतकऱ्याची कथा आपण ऐकलेली असते. येथे अंगठा देणारे सरकार होते आणि जमीन दुसऱ्यांची होती.

९/ उदाहरणार्थ नोरिल्स्क निकेल. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेचे हे शहर आणि तेथील कारखाने १९३५ पासून गुलागमधील कैद्यांनी उभारले. असंख्य माणसे तेथे मेली. नोव्हेंबर १९९५ मध्ये या कंपनीच्या ३८ टक्के समभागांचा लिलाव झाला. मूळ किंमत १७ कोटी डॉलर. विजयी बोली १७ कोटी १ लाख डॉलर. विजेती ओनेक्सिम बँक, आणि लिलावाची व्यवस्था पाहणारीही तीच! ३५ कोटी ५० लाख डॉलरची एक प्रतिस्पर्धी बोली तांत्रिक कारणावरून बाद ठरवण्यात आली.

१०/ डिसेंबरमध्ये युकोसची पाळी आली. लिलावाचे काम मेनातेपकडे होते आणि ४५ टक्के समभाग १५ कोटी ९० लाख डॉलरला गेले ते मेनातेपच्याच गटाकडे. येथेही प्रतिस्पर्धी बँकांची मोठी बोली नियमांवर बोट ठेवून फेटाळली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस सिबनेफ्टचे ५१ टक्के समभाग १० कोटी ३ लाख डॉलरला बोरिस बेरेझोव्स्की व रोमान अब्रामोविच यांच्या गटाला मिळाले. मूळ किंमत १० कोटी होती. सिबनेफ्ट ही कंपनी तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थापन झाली होती.

११/ आता सर्वांत लाजिरवाणा प्रश्न: कर्जाचा पैसा कोणाचा? त्या काळी सरकारची मोठी रक्कम मर्जीतल्या ‘अधिकृत’ खासगी बँकांत ठेवलेली असे. लिलावांच्या सुमारास अर्थखात्याने याच बँकांत परकीय चलनाच्या ठेवी ठेवल्या होत्या, असे रशियाच्या लेखापरीक्षण संस्थेने पुढे नोंदवले. म्हणजे सरकारने स्वतःचाच पैसा बँकेत ठेवला, तोच कर्ज म्हणून घेतला आणि त्यापोटी स्वतःची मालमत्ता गहाण टाकली.

१२/ हे केवळ अज्ञानातून घडले, असे मला वाटत नाही. तारखा पाहा. तारण पडले १९९५ च्या अखेरीस. समभाग विकण्याची मुभा सप्टेंबर १९९६ पासून. मध्ये जून १९९६ ची अध्यक्षीय निवडणूक. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेच्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्ष पहिला आला होता. त्यांचे नेते गेन्नादी झ्युगानोव्ह अध्यक्ष झाले असते तर बँकांच्या हातचे समभाग जाण्याची दाट शक्यता होती. येल्त्सिन टिकले तरच मालकी पक्की होणार, अशी ही बांधणी होती.

१३/ १९९६ च्या आरंभी येल्त्सिन यांची लोकप्रियता रसातळाला गेली होती. दाव्होस येथे एरवी एकमेकांचे वैरी असलेले हे धनिक एकत्र आले आणि त्यांनी येल्त्सिन यांच्यामागे पैसा व दूरचित्रवाणी उभी केली. ओआरटी वाहिनीवर बेरेझोव्स्कींचा प्रभाव, एनटीव्ही व्लादिमीर गुसिन्स्कींची. एनटीव्हीचे प्रमुख तर थेट प्रचारयंत्रणेत सामील झाले. ३ जुलैच्या दुसऱ्या फेरीत येल्त्सिन सुमारे ५४ टक्के मतांनी जिंकले. ऑगस्टमध्ये पोतानिन उपपंतप्रधान झाले. ऑक्टोबरमध्ये बेरेझोव्स्की राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत पोहोचले.

१४/ रशियन लोकांनी या राजवटीला ‘सेमिबांकिर्श्चिना’, म्हणजे सात बँकरांचे राज्य, असे नाव दिले. ते १६१० सालच्या ‘सेमिबोयार्श्चिना’वर बेतलेले होते. तेव्हा झार शुइस्कीला पदच्युत करून सात सरदारांनी सत्ता हाती घेतली होती आणि पोलिश सैन्याला क्रेमलिनमध्ये येऊ दिले होते. वर्तमानावर केलेले हे भाष्य होते आणि त्यात इतिहासाची जाण होती.

१५/ दुसरी बाजूही मांडायला हवी. चुबाइस यांचा युक्तिवाद असा की कम्युनिस्टांचे पुनरागमन रोखण्यासाठी ही किंमत मोजणे भाग होते. तसेच कंपन्यांवर कर्जे होती, राजकीय धोका मोठा होता, म्हणून भाव कमी असणे स्वाभाविक होते. पुढे १९९९ नंतर युकोस व सिबनेफ्टचे तेल उत्पादन वेगाने वाढले, हेही खरे. खासगी मालकांनी या कंपन्या सरकारी व्यवस्थापकांपेक्षा चांगल्या चालवल्या, असे काही अभ्यासक मानतात.

१६/ या युक्तिवादात तथ्य आहे. तरी त्याने मूळ आक्षेप सुटत नाही. भाव कमी असणे एक आणि मोठी बोली बाद करणे दुसरे. धोका खरोखर एवढा होता तर दुप्पट रक्कम देऊ करणारे प्रतिस्पर्धी कुठून आले? लोकशाही वाचवायची म्हणून मतदाराच्या पाठीमागे त्याची मालमत्ता वाटली, तर त्या मतदाराने ‘लोकशाही’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावा? १९९० च्या सुमारास रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान जवळपास ६४ वर्षे होते. १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आले. त्या पिढीला लोकशाही आणि लूट एकाच वेळी भेटली.

१७/ माझा मुख्य मुद्दा येथे आहे. ज्या मालकीचा उगम सर्वांना संशयास्पद वाटतो, ती मालकी कधीच सुरक्षित नसते. न्यायालय तिचे रक्षण करू शकत नाही, लोक तिच्यासाठी रस्त्यावर उतरत नाहीत. तिचा आधार एकच: सत्ताधीशाची मर्जी. म्हणजे १९९५ च्या लिलावाने श्रीमंत माणसे निर्माण केली, आणि त्याच वेळी भावी सत्ताधीशाच्या हाती त्यांची मानही दिली.

१८/ पुतिन यांनी हे अचूक ओळखले. २००० मध्ये गुसिन्स्कींना अटक झाली. त्यांनी आणि बेरेझोव्स्कींनी देश सोडला, त्यांच्या वाहिन्या गेल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये क्रेमलिनमधील बैठकीत खोदोर्कोव्स्कींनी पुतिन यांच्यासमोर सरकारी भ्रष्टाचाराचा विषय काढला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला नोवोसिबिर्स्क विमानतळावर त्यांना अटक झाली. ते दहा वर्षे कैदेत राहिले. ज्यांनी राजकारणापासून दूर राहणे पत्करले, त्यांचे १९९५ चे व्यवहार मात्र कोणी उलटवले नाहीत.

१९/ युकोसचे पुढे काय झाले? १९ डिसेंबर २००४ रोजी तिच्या मुख्य उत्पादक कंपनीचा, युगान्स्कनेफ्तेगाझचा, करथकबाकीपोटी लिलाव झाला. सुमारे ९३५ कोटी डॉलरची बोली लावून जिंकली ‘बायकालफिनान्सग्रूप’ नावाची, त्वेर शहरात नोंदलेली आणि तोवर कोणी न ऐकलेली कंपनी. काही दिवसांतच ती सरकारी रोस्नेफ्टने विकत घेतली. म्हणजे पुन्हा ठरलेला विजेता, पुन्हा नाममात्र स्पर्धा. १९९५ ची पद्धत मोडीत निघाली नव्हती. फक्त लाभार्थी बदलला होता.

२०/ आणि जे शहाणपणाने वागले? २००५ मध्ये सरकारी गाझप्रोमने सिबनेफ्टचे सुमारे ७३ टक्के समभाग सुमारे १,३१० कोटी डॉलरला घेतले. त्यातील सिंहाचा वाटा अब्रामोविच यांच्या गटाचा. तेलाचा भाव दहा वर्षांत साधारण तिप्पट झाला होता. कंपनीचे मूल्य मात्र, हिश्शांच्या आकारातील फरक जमेस धरूनही, सुमारे नव्वदपट भरते. जनतेची कंपनी जनतेच्याच तिजोरीने परत विकत घेतली, आणि मधला फरक खासगी खिशात राहिला.

२१/ या संपत्तीची कुंडली सर्वांत स्पष्टपणे लंडनमध्ये वाचली गेली. सिबनेफ्टमधील वाट्यावरून बेरेझोव्स्कींनी अब्रामोविच यांच्यावर ५०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. अब्रामोविच यांचा बचाव असा होता की बेरेझोव्स्की भागीदार नव्हतेच. त्यांना दिलेला पैसा ‘क्रिशा’साठी होता. क्रिशा म्हणजे छप्पर. आपण ‘डोक्यावर हात’ म्हणतो, तेच. न्यायालयाने अब्रामोविच यांच्या बाजूने निकाल दिला. तारीख होती ३१ ऑगस्ट २०१२. येल्त्सिन यांच्या हुकूमनाम्याला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षे झाली होती.

२२/ कायद्याचे संरक्षण विकत मिळत नसेल तर छप्पर विकत घ्यावे लागते आणि छप्पर देणारा ते केव्हाही काढून घेऊ शकतो. म्हणूनच ‘पुतिन यांनी ऑलिगार्क संपवले’ हे विधान मला मान्य नाही. त्यांनी छप्परांचा धंदा सरकारच्या हाती एकवटला. येल्त्सिन यांच्या काळात धनिक सत्ता भाड्याने घेत. नंतर सत्तेने धनिकांना भाडेकरू केले. दोन्ही काळांत नोरिल्स्कच्या खाणकामगाराला कोणी काही विचारले नाही.

२३/ कोणत्याही देशातील, कोणत्याही काळातील मोठ्या सरकारी विक्रीविषयी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात, असे सुचवतो. नियम कोणी लिहिले? लिलाव कोणी चालवला? पैसा मुळात कोणाच्या खात्यातून निघाला? ‘खासगी की सरकारी’ या वादात आपण पुष्कळ शक्ती घालवतो. रशियात १९९५ साली या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी एकाच वर्तुळात सापडतात आणि २००४ सालीही सापडतात. मालक खासगी आहे की सरकारी, याने त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाच्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही.