ऑनर्सचे चौथे वर्ष आणि राजूरचा विद्यार्थी

बी. ए., बी. एस्सी. किंवा बी. कॉम. म्हणजे तीन वर्षे, हे समीकरण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते मोडले. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष पूर्ण केल्यास 'ऑनर्स' पदवी मिळते. संलग्न महाविद्यालयांच्या पहिल्या तुकडीचे हे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. तेव्हा ते शहरापुरतेच उरणार, की अकोले तालुक्यातील राजूरपर्यंत पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे.

राजूर ही अकोल्याच्या आदिवासी पट्ट्याची बाजारपेठ. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच आहे. भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजाची मुले-मुली शिक्षणासाठी येथे येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय गावात असल्याने अनेक घरांतील पहिला पदवीधर येथेच घडला. अशा घराला चौथे वर्ष म्हणजे आणखी एक वर्षाचा खर्च आणि एक वर्ष लांबलेली कमाई.

मात्र त्या वर्षाचे मोलही कमी नाही. ऑनर्सनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण होऊ शकते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्याला 'संशोधनासह ऑनर्स'चा मार्ग खुला होतो. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि पुढे थेट पीएच. डी.चे दारही उघडू शकते. पण प्रकल्प म्हटला, की मार्गदर्शक हवा, प्रयोगशाळा हवी, ग्रंथालय हवे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या भरवशावर चालणाऱ्या ग्रामीण विभागांना हे कसे जमावे? मार्गदर्शकाअभावी चौथे वर्ष सुरूच झाले नाही, तर शहरात चार वर्षांची आणि डोंगरात तीन वर्षांची, अशा दोन प्रतींच्या पदव्या तयार होतील.

ऑनर्सचा कस केवळ अभ्यासक्रमावर ठरत नाही. विद्यार्थी, अध्यापक आणि माजी विद्यार्थी यांची एकमेकांशी किती ओळख आहे, यावरही तो ठरतो. मुलगा कोणत्या वाडीतून येतो, घरी कोणती बोली बोलतो, शेतीच्या हंगामात तो गैरहजर का राहतो, हे ठाऊक असलेला अध्यापकच त्याला योग्य विषय सुचवू शकतो. माजी विद्यार्थ्यांचे स्थानही तितकेच महत्त्वाचे. 'नॅक'च्या मूल्यांकनात त्यांच्या सहभागाची नोंद होते. पण ती वार्षिक मेळावा आणि देणगीपुरती राहू नये. शिक्षक, वनरक्षक, परिचारिका किंवा अधिकारी झालेला त्याच परिसरातील पदवीधर एखाद्या मुलीला चौथ्या वर्षाचा अर्थ जितक्या सहजपणे सांगेल, तितका कोणत्याही माहितीपत्रकाला सांगता येणार नाही.

संशोधनाच्या विषयांची तर येथे वाण नाही. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी बियाण्यांचा ठेवा जपला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भाताचे स्थानिक वाण, रानभाज्या, ठाकरांची बोली, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या काठची पाणीटंचाई, हे सारे विषय उंबरठ्यावरच आहेत.

त्यासाठी आधी काही गोष्टी व्हायला हव्यात. रिक्त पदे भरावीत. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि 'स्वयम्' योजनेचा लाभ चौथ्या वर्षातही खंड न पडता मिळेल, हे स्पष्ट करावे. जवळच्या महाविद्यालयांनी मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा वाटून घ्याव्यात. अन्यथा धोरण सर्वांसाठी आणि सन्मान मोजक्यांसाठी, असेच चित्र उरेल. राजूरच्या मुलांची गुणवत्ता नव्हे, व्यवस्थेची तयारीच येथे कसोटीला लागणार आहे.